वाहता कातळ



घरात बसून ज्वालामुखी पाहता येतो असं मी म्हटलं, तर तुम्ही म्हणाल, त्यात नवल ते काय, टीव्हीवर नेहमीच दाखवतात. पण मी टीव्हीबद्दल बोलत नाही. चार भिंतींच्या आत, छपराखाली, आपण बाकावर बसलेलो आहोत आणि समोर काही हातांच्या अंतरावर अकराशे अंश सेल्सियस तापमानाचा खराखुरा लाव्हारस पन्हळीवरून उतरत येतो आहे, असं दृश्य मी पाहिलं आहे. 2024च्या जुलै महिन्याच्या सुरुवातीला, आइसलँडमधल्या वीक नावाच्या गावात. त्याविषयी आज बोलणार आहे.

मी कराडजवळच्या एका शाळेत 31 वर्षं भूगोल शिकवला. 'दख्खनचे पठार लाव्हारसाच्या संचयनाने तयार झाले आहे' हे वाक्य या 31 वर्षांत मी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल, याची गणती नाही. मुलंही ते पाठ करायची, परीक्षेत लिहायची आणि त्याचा गुण मिळवायची. शाळेच्या खिडकीतून समोर डोंगर दिसायचा, पायऱ्यापायऱ्यांचा. तोच तो लाव्हारस. पण काळ्याभोर डोंगराकडे पाहून 'हे कधीकाळी वाहत होतं' असं मनाला पटवणं सोपं नसतं.

आमच्या वर्गात वडार वस्तीतला एक मुलगा होता. आई-वडील दोघंही दगडाच्या खाणीवर. सुट्टीच्या दिवशी हाही जायचा खडी फोडायला. हा धडा चालू असताना तो उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, दगुड जर पातळ हुता, तर त्यो घट व्हायला किती दिस लागलं असतील?" वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण प्रश्न चोख होता. थर पातळ असेल तर दिवस, जाड असेल तर वर्षं, असं पुस्तकात होतं तेवढं मी सांगितलं. तो मान हलवून बसला. दगड काय चीज असते, हे त्या वर्गात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, मलासुद्धा नाही.

माझी मुलगी आणि जावई हॉलंडमध्ये असतात. तिकडे गेले की ती दोघं मला कुठे ना कुठे घेऊन जातात. या वेळी मुलगी म्हणाली, "आई, तू आयुष्यभर ज्वालामुखी शिकवलास, आता बघून तरी ये." अशा रीतीने आम्ही चौघं, म्हणजे ती दोघं, नऊ वर्षांचा नातू आणि मी, आइसलँडला गेलो.

विमानतळाबाहेर पडलं की राजधानी रेक्याविकपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळा, खडबडीत, शेवाळलेला दगड पसरलेला दिसतो. झाड जवळजवळ नाहीच. पावसाळ्यात कासच्या पठारावरचा कातळ जसा हिरवट दिसतो, तसा काहीसा तो दिसतो. फरक इतकाच की आपला कातळ कोट्यवधी वर्षं जुना आणि तिथला काही ठिकाणी काही महिन्यांपूर्वीचा. हे मी अलंकारिक बोलत नाही. त्याच द्वीपकल्पावर ग्रिंदाविक नावाचं मासेमारीचं गाव आहे. 10 नोव्हेंबर 2023च्या रात्री भूकंपाच्या धक्क्यांमागून धक्के बसू लागले, तेव्हा ते सगळं गाव रिकामं करावं लागलं. पावणेचार हजारांच्या आसपास माणसं एका रात्रीत घरं सोडून निघाली. पुढे 14 जानेवारी 2024 रोजी गावाच्या वेशीतच जमीन फाटली आणि तिच्यातून आलेल्या लाव्हारसात तीन घरं जळाली. ते चित्र सगळ्या देशाने टीव्हीवर त्याच वेळी पाहिलं. कुणी आपलं घर जळताना टीव्हीवर पाहावं, हे ऐकूनही कसंसंच होतं. आम्ही पोचलो, त्याआधी दोनच आठवडे तिथला एक उद्रेक थांबला होता. ऑगस्टमध्ये पुन्हा नवा सुरू झाला.

हे आधी सांगितलं, कारण त्या देशात लाव्हारस ही केवळ तमाशाची गोष्ट नाही. हे ध्यानात ठेवून पुढचं ऐका.

रेक्याविकहून वीकला जायचं म्हणजे पावणेदोनशे-एकशेनव्वद किलोमीटरचा प्रवास. समुद्र उजव्या हाताला, डोंगर डाव्या हाताला, मधे मोठमोठे धबधबे. वाटेत एक बर्फाच्छादित डोंगर लागतो. त्याचं नाव एयाफ्यात्लायोकुत्ल. हे नाव 2010 साली जगभरच्या वृत्तनिवेदकांनी अडखळत घेतलं होतं. त्याच्या राखेमुळे त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये युरोपातली विमानं कित्येक दिवस जमिनीवर होती. पण त्या राखेच्या आधी, मार्च महिन्यात, याच डोंगराच्या खांद्यावर एक छोटा, त्या मानाने शांत उद्रेक झाला होता. लाव्हारसाचे कारंजे उडत होते, तो कड्यावरून धबधब्यासारखा खाली पडत होता, आणि लोक डोंगर चढून तो पाहायला जात होते. त्या गर्दीत एक नवरा-बायको होते, यूलियस योन्सन आणि राग्नहिल्दुर आउगुस्त्सदोत्तिर. ते पाहून त्यांच्या मनाने घेतलं की, हे प्रत्येकाला जवळून पाहता आलं पाहिजे. उद्रेक काही आपल्या सोयीने होत नाही, तेव्हा लाव्हारसच माणसाकडे आणायचा. दगड वितळवायचा आणि ओतायचा. 2018 साली त्यांनी वीकमध्ये आपलं 'लाव्हा शो'चं दालन उघडलं. 2022 मध्ये रेक्याविकलाही दुसरं सुरू झालं.

तिकीट स्वस्त नाही. मी मनातल्या मनात रुपयांत हिशेब केला आणि गप्प बसले.

आत एक लहान सभागृह. खिडक्या नाहीत. चढत्या पायऱ्यांवर बाक. पन्नासेक माणसं असतील. प्रत्येकाला डोळ्यांवर लावायला चष्मा दिला. समोर काळ्या वाळूचा एक लांबट वाफा, त्याच्या वरच्या टोकाला भिंतीतून आलेली उतरती पन्हळ, आणि खाली एका बाजूला बर्फाच्या लाद्या. मला तो वाफा पाहून काय आठवलं सांगू? आमच्याकडचं गुऱ्हाळ. काहील उतरवली की उकळता रस वाफ्यात ओततात, अगदी तशी मांडणी. आजोळी गुऱ्हाळ होतं, त्यामुळे हा देखावा माझ्या डोळ्यांत लहानपणापासून बसलेला. मी मुलीला तसं म्हणाले, तर ती म्हणाली, "आई, तुला सगळीकडे कराडच दिसतं."

आधी एक बाई पुढे येऊन थोडं बोलल्या, मग एक फिल्म दाखवली. यूलियसचे पणजोबा 1918 सालच्या उद्रेकातून थोडक्यात वाचले, ही त्यांच्या घरातली गोष्ट. वीक गावाच्या मागे, बर्फाच्या जाड टोपीखाली, कात्ला नावाचा ज्वालामुखी आहे. तिथे आगीइतकीच पाण्याची भीती असते, कारण बर्फाखाली उद्रेक झाला की बर्फ वितळून अचानक पूर सुटतो. त्या पुरात हिमनगांएवढे बर्फाचे तुकडे, दगड, राख सगळं वाहत येतं. 12 ऑक्टोबर 1918 रोजी कात्ला फुटला, तेव्हा माळावर मेंढ्या गोळा करायला गेलेली माणसं जीव घेऊन पळाली. त्या पुराने इतका गाळ आणून टाकला की किनारा समुद्रात पुढे सरकला. आणि तुम्हाला सांगते, या दालनात वितळवतात ती 1918च्या त्याच उद्रेकातली सामग्री. म्हणजे पणजोबा जिच्यापासून पळाले, तिच्यावर पणतू आता पोट भरतो आहे. ते ऐकून मला बरं वाटलं.

मग दिवे मंद झाले. भिंतीपलीकडे भट्टीचा घुमणारा आवाज होताच, तो थांबला. आणि पन्हळीच्या तोंडाशी उजेड आला.

श्रोतेहो, मी लाव्हारसाची चित्रं लाल रंगाने रंगवून घेत असे. लाव्हारस आधी लाल नसतो. तो पिवळा असतो, केशरी पिवळा, डोळे दिपवणारा. लाल होतो तो थंड होताना. अकराशे अंशांना पिवळा, आठशेच्या आसपास लाल, त्याखाली गर्द काळपट लाल, आणि मग काळा. लोहाराच्या भट्टीतल्या लोखंडाचंही तेच असतं. पाहून माहीत होतं, पण दगडाच्या बाबतीत ते मनात आलं नव्हतं.

तो जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा आला. सावकाश, जपून. पाण्यासारखा मुळीच नाही. दोन तारी पाक जसा कढईतून ओघळतो तसा, स्वतःच्याच अंगावर घड्या घालत. आणि त्याच्याबरोबर आली ती झळ. ही गोष्ट कुठल्याही फिल्ममध्ये येत नाही. चेहऱ्यावर, गुडघ्यांवर, हातांवर, भाकरी करताना चुलीचं दार उघडं असावं तशी धग. पुढच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी अंगातला जाड कोट काढला. बाहेर जुलैतसुद्धा दहा-बारा अंश, स्वेटर घालून आलेलो आम्ही, आणि आत सगळे कपाळाचा घाम पुसताहेत.

वाफ्यात उतरल्यावर अर्ध्या-एक मिनिटात त्याच्यावर साय धरली. साय म्हणते, कारण दुसरा शब्द सुचत नाही. काळपट, चकचकीत, सुरकुतलेली. खालून रस पुढे ढकलतो आहे आणि वरची साय गोळा होऊन तिला दोरासारखे पीळ पडताहेत. हे पीळ मी ओळखले. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला, नाशिककडे, कातळावर कुठे कुठे असे पीळ दगडात थिजलेले सापडतात. सहलीला नेलेल्या मुलांना मी ते दाखवत असे. आता ते पीळ पडत असताना पाहिले.

त्या बाईंनी जाड मोजे घातले होते. लांब लोखंडी सळईने त्यांनी साय फोडली. आत पुन्हा तोच झगझगीत पिवळा. सळईच्या टोकाला थोडा रस गुंडाळून वर उचलला तर त्याच्या तारा निघाल्या, काचेच्या, केसासारख्या. मग बर्फावर सोडला. मला वाटलं, स्फोट होणार. तसं काही झालं नाही. खालून सुटणाऱ्या वाफेने त्याला बुडबुडे आले, तो पापडासारखा फुगला आणि तिथेच कडक झाला. मग सगळे दिवे घालवले. अंधारात काळ्या सायीच्या भेगांमधून फक्त लाल रेघा दिसत राहिल्या. आणि त्या शांततेत एक बारीक आवाज येऊ लागला. टिक, टिक, किणकिण. बांगड्या फुटाव्यात तसा. थंड होणारी काच आकसते आणि तडकते, त्याचा आवाज. माझ्या सगळ्या धड्यांमध्ये लाव्हारसाला रंग होता, तापमान होतं, वेग होता. आवाज नव्हता.

नातवाने हे सगळं फोनवर चित्रित केलं. बाहेर आल्यावर मात्र त्याचा पहिला प्रश्न, "आजी, हा खरा लाव्हा होता की खोटा?"

आता काय सांगणार? दगड खरा. तापमान खरं. वितळला तो खरा. पण जमिनीखालच्या शिलारसात पाण्याची वाफ असते, कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे वायू विरघळलेले असतात. सोड्याची बाटली उघडल्यावर फेस उसळतो, तसा तो वायूंच्या जोराने वर येतो. कारंजे, स्फोट, राखेचे ढग ही सारी त्या वायूंची करणी. एकदा बाहेर पडून निवालेल्या दगडात ते फारसे उरत नाहीत, म्हणून भट्टीतून ओतलेला रस गरीब गाईसारखा येतो. शिवाय खेळ संपला की तो फोडतात आणि पुन्हा वितळवतात. तेव्हा मी त्याला म्हटलं, सिंह खरा आहे, पण सर्कशीतला आहे. त्याला ते पटलं. हॉलंडमध्ये वाढणाऱ्या मुलाला सर्कशीतला सिंह कितपत ठाऊक, हा प्रश्न वेगळा.

अशी दगड वितळवण्याची कल्पना एकट्या आइसलँडची नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात एक शिल्पकार आणि एक भूवैज्ञानिक, बॉब वायसॉकी आणि जेफ कार्सन, यांनी 2010च्या सुमारापासून विस्कॉन्सिनमधली खडी भट्टीत वितळवून लाव्हारस ओतायला सुरुवात केली. ती खडी एकशेदहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टची, आणि तिकडे तिला 'ट्रॅप रॉक' म्हणतात. आपल्या 'डेक्कन ट्रॅप'मधला ट्रॅप तो हाच. शब्द मूळचा स्वीडिश, अर्थ पायरी किंवा जिना. माझ्या शाळेच्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराला नाव दिलं ते या उत्तरेकडच्या लोकांच्या शब्दाने. डोंगरच तसा आहे, पायऱ्यांचा. एकेक पायरी म्हणजे लाव्हारसाचा एकेक थर.

त्या संध्याकाळी, म्हणजे घड्याळाप्रमाणे संध्याकाळी, कारण तिकडे जुलैत अंधार असा पडतच नाही, आम्ही वीकच्या चर्चपर्यंत चढून गेलो. लाल छपराचं, पांढऱ्या भिंतींचं लहानसं चर्च गावाच्या वरच्या टेकाडावर आहे. छायाचित्र काढायला तिथे सगळेच जातात. पण गावच्या लोकांना ते वेगळ्या कारणासाठी ठाऊक आहे. कात्ला फुटला की सगळ्यांनी धावत तिथे जमायचं. पूर तिथवर पोचणार नाही, असा अंदाज. गावात याचे सराव होतात. धोका दिसला तर त्या भागातल्या सगळ्या फोनवर संदेश येतो, परदेशी पाहुण्यांच्यासुद्धा. 1918 नंतर कात्लाचा मोठा उद्रेक झालेला नाही, आणि त्याआधी तो साधारण दर चाळीस ते ऐंशी वर्षांनी होत असे. तिथल्या लोकांना हा हिशेब पाठ आहे. तरी दुकानं चालू आहेत, मुलं सायकली फिरवताहेत.

आम्ही परत आलो आणि 27 जुलै 2024 रोजी त्याच हिमनदीखालून पाणी सुटलं. उद्रेक नव्हता, पण वीकच्या पूर्वेला स्काल्म नावाच्या नदीला पूर येऊन मुख्य रस्ता उखडला, वाहतूक बंद पडली. आम्ही त्याच रस्त्याने हिमनग पाहायला गेलो होतो, तीन आठवड्यांपूर्वी. ही बातमी मुलीने फोनवर सांगितली तेव्हा मी कराडला होते, बाहेर कोयनेचा पाऊस कोसळत होता, आणि मला एकदम त्या सभागृहातल्या गोड पाकाची चीड आली. माणसाळवलेली गोष्ट पाहून आपण किती लवकर निर्धास्त होतो! 1783 साली याच देशात लाकी इथे सत्तावीस किलोमीटर लांबीची भेग पडली. आठ महिने लाव्हारस आणि विषारी वायू येत राहिले. गवतात विष उतरलं, गुरं-मेंढ्या मेल्या, आणि मागोमाग पडलेल्या दुष्काळात देशाची पाचवा हिस्सा माणसं गेली. लाव्हारसात जळून फारसं कुणी गेलं नाही. गेले ते उपासाने. त्या भागातला धर्मोपदेशक योन स्टेइनग्रिमसन याने 20 जुलै 1783च्या रविवारी, लाव्हारस गावाच्या दिशेने येत असताना, चर्चमध्ये लोकांना जमवून प्रार्थना चालवली, आणि लोक बाहेर आले तेव्हा लोंढा अलीकडेच थांबलेला होता. आजही त्याला 'अग्निप्रवचन' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. आणि 1973 साली हेइमाए बेटावर अशीच वेळ आली, तेव्हा लोकांनी बंदर वाचवण्यासाठी प्रार्थनेच्या जोडीला पंप आणले. समुद्राचं पाणी लाव्हारसावर महिनोन् महिने मारत राहिले, तोंडावरचा रस थिजवला आणि बंदर राखलं. शेकडो घरं मात्र गेली.

लाकीची ती भेग लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण आपलं दख्खन असंच झालं. आपण मुलांना शंकूसारखा डोंगर काढायला लावतो, वर धूर, खाली लाल रेघा. महाराष्ट्रात तसा शंकू नव्हताच म्हणा ना. इथे जमीन लांबच लांब फाटली होती. धुळे-नंदुरबारकडे जमिनीतून वर आलेल्या काळ्या दगडाच्या सरळ भिंती मैलोन् मैल गेलेल्या दिसतात. त्या म्हणजे अशा भेगांमध्ये थिजून राहिलेला रस. लाकीचा लाव्हारस सहाएकशे चौरस किलोमीटरवर पसरला. दख्खनचा आज शिल्लक आहे तोच पाच लाख चौरस किलोमीटर. महाबळेश्वरच्या परिसरात थरावर थर मिळून बाराशे मीटर उंची भरते. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी हे घडलं. वेरूळचं कैलास लेणं, रायगडाच्या पायऱ्या, आपल्या आजीचं जातं, पाटा-वरवंटा, देवळातली दीपमाळ हे सगळं त्याच रसातून निघालं आहे. कात्लाचा दगड आणि आपला दगड जुळे नव्हेत, पण एकाच घराण्यातले आहेत.

वीकजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर षटकोनी खांबांचा कडा आहे. ते पाहायला जगभरातून बसगाड्या येतात. थंड होताना दगड आकसतो आणि चिखलाला भेगा पडाव्यात तशा भेगा पडून हे खांब होतात. मुंबईला अंधेरीत गिल्बर्ट हिल म्हणून तसाच खांबांचा सुळका आहे, दोनशे फुटांचा, वर देवीचं मंदिर. त्याच्या बुंध्याशी इमारती अशा खेटल्या आहेत की तो दिसायला मान वर करून गल्लीतून वाट काढावी लागते. एवढं बोलून हा विषय सोडते, नाहीतर भाषण तिथेच संपेल.

कारण मला त्या मुलाच्या प्रश्नाकडे यायचं आहे. दगड घट्ट व्हायला किती दिवस लागतात?

परत आल्यावर मी त्याचा नीट हिशेब मांडला. वीकमध्ये पाहिलेली सायच याचं उत्तर देत होती. दगड उष्णतेचा वाईट वाहक आहे. वर साय धरली की ती गोधडीसारखी आतल्या रसाला ऊब देते. साय जितकी जाड, तितकं पुढचं थंड होणं सावकाश. हवाईमध्ये शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष मोजून सूत्र बसवलं आहे: जाडी दुप्पट तर वेळ चौपट. चार बोटं जाडीचं कवच धरायला तासाभराहून थोडं अधिक. एक मीटरचं धरायला साधारण आठवडा. दहा मीटरचं धरायला दोन वर्षांच्या आसपास. हवाईतच 1959 साली किलाउआ इकी इथल्या विवरात शंभर मीटरहून खोल लाव्हारसाचं तळं साचलं. ते पुरतं घट्ट व्हायला पस्तीसेक वर्षं लागली. याच गोधडीमुळे आपल्याकडचा लाव्हारस सायीखालून, न थिजता, दूर दूर पोचला. पार आंध्रात राजमहेंद्रीजवळ जो असा दगड आहे तो सह्याद्रीकडून हजार किलोमीटर वाहत गेला, असं काही भूवैज्ञानिक मानतात. आणि सावकाश निवाल्यामुळेच आपला दगड दाणेदार आहे. वीकच्या वाफ्यात मिनिटांत निवालेला दगड काचेसारखा ठिसूळ होता, सळईच्या टोल्याने फुटत होता. आपल्या पाषाणाला हातोडा लावून पाहा.

तो मुलगा आता पंचेचाळिशीच्या घरात आहे. दगडी बांधकामाची कामं घेतो. देवळांच्या जोत्याची, विहिरींची. त्याचा फोन नंबर माझ्याकडे होता. नातवाने काढलेला व्हिडिओ मी त्याला व्हॉट्सॲपवर पाठवला. तासाभरात त्याचाच फोन आला.

म्हणाला, "बाई, वरचा पापुद्रा बघितला का? भोकाभोकाचा झालाय. तसलाच आमच्या खाणीत वर सापडतो. त्यो टाकून द्यायचा. त्याच्याखाली निबार दगुड लागतो, त्यो घडवायचा. आणि दोन थरांच्या मधी तांबडी माती येती, भाजल्यासारखी."

मी म्हटलं, "भाजल्यासारखी नव्हे, बरीचशी भाजलेलीच. खालच्या थरावर माती तयार व्हायला वेळ मिळाला, आणि मग वरून पुढचा रस आला." हे सांगायला भूगोलाच्या बाईंना पुस्तक लागलं, त्याने पहार लावून वाचलं होतं. वायूचे बुडबुडे वर चढतात म्हणून वरचा दगड सच्छिद्र, मधला घट्ट, ही एका थराची रचना तो मला खाणीच्या भाषेत शिकवत होता.

मग मी त्याला त्याच्या प्रश्नाची आठवण करून दिली. तो हसला, त्याला आठवत नव्हतं. मी विचारलं, "तुझ्या खाणीतला एक थर किती उंचीचा आहे रे?"

"तीस फूट धरा."

मी हिशेब करून सांगितलं, "मग तो घट्ट व्हायला वर्ष, फार तर दीड वर्ष."

पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही.

"एवढंच व्हय, बाई?" तो म्हणाला. "आमाला ती फोडाय लागून अठरा वर्सं झाली, अजून निम्मी ऱ्हायलीया."